हे घेऊ की ते?

कृष्णाकाठच्या गावांत खेळण्यांचा हंगाम वर्षातून तीनदा येतो. पहिला बेंदराचा. पाऊस नुकता लागलेला असतो. कुंभार मातीच्या बैलजोड्या पाट्यांत भरून बाजारात आणतात. सकाळी त्या बैलांची पूजा होते आणि दुपारी तेच बैल पोरांच्या हाती खेळायला येतात. दुसरा हंगाम दिवाळीचा. दारोदारी दगडमातीचे किल्ले उभे राहतात आणि त्यांच्यावर मांडण्यासाठी मावळे, तोफा, गवळणी, पहारेकरी आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज यांची खरेदी होते. तिसरा हंगाम मार्गशीर्ष-पौषातल्या जत्रांचा. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, कराड तालुक्यातील पाल येथे खंडोबाची. आणि अशा प्रत्येक यात्रेत देवदर्शनाच्या वाटेवर दुतर्फा भिरभिरी, पिपाण्या, फुगे, लाकडी गाड्या आणि प्लास्टिकच्या बाहुल्या यांची दुकाने लागतात. नाताळ येतो तो याच तिसऱ्या हंगामात. त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांतील नाताळची खेळणी काही बर्फावरच्या घसरगाडीतून आलेली नाहीत. ती जत्रेतून, कुंभारवाड्यातून आणि पेठेतल्या दुकानांतून आलेली आहेत.

अलीकडे एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते: "फादर, आता खेळण्यांची दुकाने राहिली नाहीत." म्हणणाऱ्याच्या स्वरात हळहळ असते आणि त्याच्याच खिशातल्या फोनवरून नातवंडाच्या खेळण्याची मागणी नुकतीच गेलेली असते. या हळहळीत भर घालण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. दुकाने निघतात, चालतात, बंद पडतात. व्यापाराची ती रीतच आहे. आम्हांला प्रश्न पडतो तो निराळा. खेळण्यांच्या दुकानात मुलाला खेळण्याखेरीज आणखी काही मिळत होते काय? आणि मिळत असेल, तर ते आता त्याने कोठे शोधावे?

आमचे बालपण साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले. वडील एस. टी.त नोकरीला, घरात आम्ही चार भावंडे. खेळणे वर्षातून एकदाच मिळे. दिवाळी आणि नाताळ यांच्या मधल्या एखाद्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर. राजपथाने मोती चौकाकडे जाताना वडील एका दुकानापुढे थांबत. "पाच रुपयांच्या आतले दाखवा," एवढे दुकानदाराला सांगत आणि बाकड्यावर बसून राहत. त्यानंतर ते एक शब्दही बोलत नसत. काचेच्या कपाटातून एकेक वस्तू फळीवर उतरे: चावी दिली की झांजा वाजवणारे माकड, पत्र्याची लाल मोटार, पोटात वात पेटवली की परातीतल्या पाण्यात टरटरत फिरणारी होडी, लाखेच्या रंगाचा भोवरा. माकड घ्यावे तर होडी राहते. होडी घ्यावी तर मोटार. आम्ही त्या फळीपुढे थंडीच्या दिवसांतही घामाघूम होत असू. दुकानदार घाई करीत नसे आणि वडील सल्ला देत नसत.

घेतलेले खेळणे बहुधा होळीपर्यंत मोडून जाई. न घेतलेले मात्र आजही आमच्यापाशी शाबूत आहे. त्या माकडाचा पट्ट्यापट्ट्यांचा डगला आम्हांला अजून दिसतो. आईवडिलांनी नाकारलेल्या वस्तूसाठी मुलाला रडता येते. पण दोहोंतून एक आपणच उचलली आणि दुसरी परत कपाटात जाताना आपणच पाहिली, तर रडायचे कोणापाशी? माणूस आयुष्यात स्वतःच्या इच्छेने जी पहिली गोष्ट सोडतो, ती बहुधा खेळण्यांच्या दुकानात सोडतो. पुढे पुण्याच्या सेमिनरीत इच्छास्वातंत्र्यावरचे जाड ग्रंथ आम्ही वाचले. त्यांतले पुष्कळ आता आठवत नाही. निवडणे म्हणजे सोडणे, हा त्यांतला पहिला पाठ मात्र पाच रुपयांत आधीच पदरी पडलेला होता.

खेळणी कोणत्या सणाची, हा भेद त्या काळी फारसा कोणी पाळत नसे. आमच्या घरच्या गव्हाणीत बाळ येशूच्या उजव्या हाताला बसलेला बैल हा बेंदराच्या जोडीतला एक होता. दुसऱ्याचे शिंग मोडल्यामुळे तो मागे उभा असे. मेंढपाळ म्हणून शेजारच्या किल्ल्यावरचे दोन मावळे दिवाळीनंतर मुक्कामाला येत. त्यांच्या ढालतलवारी आई सुक्या गवतात लपवून ठेवी. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी पहिली गव्हाणी मांडली, ती जिवंत बैल, गाढव आणि खरे गवत घेऊन. पुढे त्यांच्या जागी मातीच्या आणि लाकडाच्या मूर्ती आल्या. साताऱ्याच्या कुंभाराला ग्रेच्चो कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याचा बैल तेथेही शोभला असता.

आता थोडे व्यापाराकडे वळू. आपल्या मुलखाच्या दोन बाजूंना खेळणी घडवणारी दोन जुनी गावे आहेत. दक्षिण कोकणात सावंतवाडी. तेथील चितारआळीतली रंगीत लाकडी फळे, भातुकली, भोवरे सर्वांच्या परिचयाचे आहेत. बेळगाव जिल्ह्यात गोकाक. तेथील कारागिरांची लाकडी फळे आणि रंगवलेली चित्रे सांगली-मिरजेच्या बाजारालाही अनोळखी नव्हती. लाकूड, लाख, माती आणि पत्रा यांवर पेठेतली दुकाने कित्येक वर्षे चालली. मग प्लास्टिक आले. १९८७ साली एम. आर. एफ. आणि अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपन्यांनी मिळून फनस्कूल काढली, तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला, आणि खोक्यात बंद असलेली, झाकणावर चित्र असलेली खेळणी आमच्या गावांत दिसू लागली. दुकानदार ती उघडून दाखवायला नाखूश असे. मूल खेळण्याऐवजी खोक्यावरच्या चित्राकडे पाहून निवड करू लागले, ते तेव्हापासून.

आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा मोठा टप्पा १ एप्रिल २००१ रोजी उठला. पुढील काही वर्षांत चिनी खेळण्यांनी जत्रा आणि पेठा दोन्ही भरून गेल्या. बॅटरीवर चालणारी, गाणारी, दिवे लावणारी ही खेळणी गोकाकच्या आंब्यापेक्षा स्वस्त पडत. जानेवारी २००९ मध्ये सरकारने त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली. सुरक्षिततेची प्रमाणपत्रे असलेल्या मालाला मार्च महिन्यातच वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाशिवाय खेळणे विकणे नियमबाह्य ठरले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली. मुलाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूचा रंग विषारी नसावा, ही अपेक्षा रास्तच आहे. या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु ज्या लहान दुकानदाराच्या फळ्यांवर जुना माल पडून होता, त्याच्या दृष्टीने ती नव्या वर्षाची पहाट कशी उगवली असेल, याचाही विचार मनात येतोच.

लहानच मरतात आणि मोठे तगतात, असेही नाही. अमेरिकेत चार्ल्स लाझारस यांनी १९४८ साली लहान मुलांच्या पाळण्या-पलंगांचे दुकान काढले. त्यातून 'टॉईज आर अस' ही खेळण्यांची अवाढव्य साखळी उभी राहिली. २००५ साली ती प्रचंड कर्ज काढून विकत घेतली गेली. त्या कर्जाचे व्याज भागवता भागवता दुकाने सुधारण्यास पैसा उरला नाही, आणि तोवर गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवू लागले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी आणि जून २०१८ अखेर अमेरिकेतील सर्व दुकानांना टाळे. संस्थापक लाझारस त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. उलट लंडनचे हॅमलेज १७६० पासून चालत आले आहे आणि २०१९ साली ते मुंबईच्या रिलायन्स समूहाने विकत घेतले. डेन्मार्कमधील बिलुंडचा एक सुतार १९३२ साली लाकडी खेळणी करू लागला. त्याच्या लेगोची आज जगभर गणना होते. सावंतवाडीच्या चिताऱ्याच्या हाती त्या सुताराहून कमी कसब होते, असे आम्हांला वाटत नाही. दैव, भांडवल आणि पाठीमागे उभे राहणारे कोणीतरी, यांचाच फरक.

आमच्या पुरोहितपणाची काही वर्षे सातारा जिल्ह्यात गेली आणि त्यानंतर आम्ही सांगली जिल्ह्यात आलो. सांगलीच्या पेठेतील एका खेळण्यांच्या दुकानाशी आमचा ऋणानुबंध जुळला तो तेव्हापासून. दुकानाचे मालक आता सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्या वडिलांनी भोवरे आणि लाकडी फळे विकली, त्यांनी स्वतः प्लास्टिक विकले. माल आणायला दिवाळीपूर्वी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात जाण्याची त्यांची वहिवाट. धंद्याचे मर्म एकदा त्यांनी आम्हांला सांगितले. "फादर, किराण्याच्या दुकानात कोणता माल खपणार हे आधी कळते. आमच्यात कळत नाही. पोराच्या मनातले पोराला तरी कुठे ठाऊक असते? म्हणून दहा तऱ्हा ठेवाव्या लागतात. दोन खपतात, आठ धूळ खातात. त्या आठांचा खर्च म्हणजेच आमचे दुकान." हे वाक्य आम्ही लक्षात ठेवले आहे. मुलाला 'हे घेऊ की ते' म्हणता यावे, यासाठी न खपणाऱ्या आठ वस्तूंचा भार कोणीतरी सोसावा लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने तो भार एका आठवड्यात हलका केला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, सारा व्यापार पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही गाळ काढायला गेलो, त्यांत हे दुकानही होते. शटर वर केले तेव्हा दाराशी मऊ खेळण्यांचा काळा लगदा झालेला, खोकी फुटून पुठ्ठ्याची पेज झालेली. आणि त्या सर्व चिखलावर प्लास्टिकचे चेंडू, लाल, पिवळे, निळे, स्वच्छ धुतल्यासारखे बसलेले. ते पाण्याबरोबर छतापर्यंत चढले होते आणि पाण्याबरोबरच खाली उतरले होते. मालकांनी त्यांतला एक उचलून आमच्या एका पोराकडे टाकला. "हे तेवढे विकता येतील," ते म्हणाले. त्यांनी दिवाळीपर्यंत दुकान उभे केले. मग मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली. मुले घरात बसली, शाळा फोनवर आली, आणि शाळेच्या मागोमाग खेळही फोनवर गेला. दुकाने उघडली, पण गेलेली गिऱ्हाइके सगळी परतली नाहीत.

येथे एखादा वाचक म्हणेल, मुलाला दुकान लागतेच कशाला? आक्षेप खोटा नाही. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी आमच्या पिढीतल्या प्रत्येक खेड्यातील मुलाने केलेली आहे. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, आगपेटीच्या काड्या, जुनी वर्तमानपत्रे अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. मुलांना विज्ञान शिकवणारी ही खेळणी देशभर गेली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतः केलेल्या खेळण्याची सर विकतच्या खेळण्याला नाही, हे आम्हीही मान्य करतो. परंतु ज्या मुलाच्या वाट्याला टाकाऊखेरीज दुसरे काही कधी आलेच नाही, त्याला टाकाऊतून टिकाऊ करण्याचा उपदेश सुस्थितीतल्या माणसाने करावा काय? आम्हांला हा प्रश्न पडला तो पुस्तकात नव्हे, उसाच्या फडात.

सातारा-सांगली हा साखरेचा मुलूख. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या आसपास पाचटाच्या व ताडपत्रीच्या खोप्यांत राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. मुले अर्थातच बरोबर येतात, आणि त्यांची शाळा गावी राहते. आमच्या धर्मग्रामाजवळ अशा दोन टोळ्या दरवर्षी उतरतात. २०२२ च्या नाताळात त्यांतल्या पहिल्या वस्तीवरील ६४ मुलांना खेळणी द्यावीत, असे आमच्या लोकांनी ठरवले. वर्गणी १२,८०० रुपये जमली. डोई २०० रुपये. खजिनदार म्हणून काम पाहणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी फोनवर चौकशी करून सांगितले की एकाच नमुन्याची खेळणी घाऊक मागवली तर नग १२० रुपयांना पडतो. म्हणजे ६४ ऐवजी १०६ मुलांना खेळणे मिळेल; आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या वस्तीवर मुले होती ४२. हिशेब असा चपखल बसला होता की सभेत कोणी काही बोलेना.

आम्ही सुचवले की पहिल्या वस्तीवरील मुलांना सांगलीच्या दुकानात न्यावे आणि त्यांची खेळणी त्यांना निवडू द्यावीत. बाई शांतपणे म्हणाल्या, "फादर, चौसष्टांना निवडण्याचा आनंद आणि बेचाळिसांना काहीच नाही. हा कोणता न्याय?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर पूर्ण उत्तर आजही नाही. एवढेच बोललो की या मुलांच्या आयुष्यात सगळे दुसऱ्याने ठरवलेले असते. कोणत्या गावी जायचे हे मुकादम ठरवतो, केव्हा उठायचे हे कारखान्याची गाडी ठरवते, अंगातला सदरा कोणाच्या तरी अंगावरून उतरलेला असतो. देणाऱ्याने निवडलेले खेळणे हा त्याच मालिकेतला आणखी एक सदरा होईल. मध्यम मार्ग दुकानाच्या मालकांनी काढला. "मी खरेदीच्या भावाने देतो," ते म्हणाले, "दीडशेच्या आत सारे बसवू. पोरांना घेऊन या, पण दुपारी या. तेव्हा गर्दी नसते." ६४ मुलांचे ९,६०० रुपये होणार होते. उरलेल्या ३,२०० रुपयांत दुसऱ्या वस्तीसाठी सर्वांनी मिळून खेळायची साधने घ्यावीत, असे ठरले: एक कॅरम बोर्ड, फुटबॉल, दोरीवरच्या उड्यांच्या दोऱ्या.

मुकादमाने आम्हांला उभे करून विचारले, "याच्या बदल्यात आमच्याकडून काय पाहिजे?" त्याच्या प्रश्नात राग नव्हता, त्याच्या जगात फुकट काही मिळत नाही, एवढेच. आम्ही म्हणालो, "काही नाही. सातच्या आत पोरे परत आणून सोडतो." त्याने आपला एक माणूस आमच्याबरोबर बसमध्ये बसवला. योग्यच केले.

दुकानात शिरल्यावर मुले गप्प झाली. आरडाओरडा होईल म्हणून आम्ही धास्तावलो होतो. पण कोणी कशाला हातच लावीना. मालक काउंटरबाहेर आले, खाली जमिनीवर बसले आणि एक भिंगरी फिरवून त्यांनी ती मधोमध सोडली. मग हात पुढे आले. दोन तास लागले. एक मुलगी बाहुली आणि भातुकलीचा डबा यांच्यामध्ये इतका वेळ उभी राहिली की आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने दोन्ही द्यावीत असे सुचवले. मालकांनी मानेनेच नको म्हटले. तिने भातुकली घेतली, दारापर्यंत गेली, परत आली आणि बाहुली एकदा हातात घेऊन पाहिली. मग ठेवून गेली. आम्हांला आमचे माकड आठवले.

दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने सारे दुकान पालथे घालून शेवटी विजेरी मागितली. गल्ल्याजवळ चार-पाच टांगलेल्या होत्या. कार्यकर्ता म्हणाला, "बाळ, हे खेळणे नव्हे." मुलगा म्हणाला, "राती गाडी भरावी लागती. मायला दिसत नाही." उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाया ज्यांनी रात्री पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. कार्यकर्त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही मालकांकडे. "त्याने निवडले आहे," ते म्हणाले, आणि विजेरीत सेल घालून दिले. परतताना तो मुलगा खिडकीशी बसला. अंधार पडू लागला होता. बस आयर्विन पुलावर आली तेव्हा त्याने विजेरी लावली आणि खाली नदीवर झोत टाकला. एवढ्या उंचीवरून पाण्यापर्यंत काय पोहोचणार! पण पूल संपेपर्यंत तो टाकत राहिला, आणि शेजारची तीन मुले "मला, मला" म्हणून त्याच्या अंगावर चढली. तेव्हा ते खेळणेच होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फेब्रुवारीत आम्ही दोन्ही वस्त्यांवर गेलो. पहिल्या वस्तीवर बहुतेक खेळणी मोडून गेली होती. काही गावी न्यायला जपून ठेवली होती. दुसऱ्या वस्तीवर कॅरम बोर्ड चालू होता. एका कोपऱ्याची जाळी फाटली होती, एक सोंगटी हरवल्यामुळे तिच्या जागी बाटलीचे झाकण आले होते, आणि भोवती नऊ मुले बसली होती. खजिनदारबाई आमच्याबरोबर होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही.

ते दुकान आता बंद झाले. गेल्या दिवाळीचा माल संपल्यावर मालकांनी नवा भरला नाही. मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, त्याला दोष देता येत नाही. गुडघे चढउतर करू देत नाहीत, त्यांनाही दोष देता येत नाही. जागा भाड्याने गेली आणि तेथे मोबाईल फोनची दुरुस्ती होते. फळ्या त्यांनी मोडीत काढल्या नाहीत. आम्ही विचारले, तेव्हा दोन आम्हांला दिल्या.

या नाताळात त्या फळ्या आमच्या सभागृहात चार बाकांवर आडव्या टाकायच्या आहेत. सावंतवाडीहून लाकडी भातुकली आणि भोवरे, गोकाकची फळे, थोड्या बाहुल्या, थोड्या मोटारी आणि पाच-सहा विजेऱ्या, असा माल मांडायचा आहे. मुलांच्या संख्येपेक्षा बराच जास्त, कारण उरणाऱ्या मालाशिवाय निवड होत नाही, हे आता आम्हांला ठाऊक आहे. उरलेला माल पुढल्या वर्षी चालेल. दोन्ही वस्त्यांवरची मुले येतील. वाचकहो, ज्यांच्या गावाजवळ अशी वस्ती असेल त्यांनी हा प्रयोग आपल्याकडे अवश्य करून पाहावा. सभागृह, फळ्या आणि दोन मोकळे तास, याहून अधिक भांडवल लागत नाही. त्यांतले शेवटचे मिळवणेच काय ते अवघड.

फळ्यांमागे उभे राहायला जुन्या मालकांनी होकार दिला आहे. त्यांची अट एकच: पोरांना कोणी घाई करायची नाही. खजिनदारबाईंनीही एक अट घातली आहे, आणि ती आम्ही विनातक्रार मान्य केली आहे. आधी दोन कॅरम बोर्ड घ्यायचे, प्रत्येक वस्तीला एक; मग बाकीचे.